जंगलातला डेटा वर जातो, खाली काय येतं?

दर चार वर्षांनी वाघांचा आकडा जाहीर होतो आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर फटाके फुटायला लागतात. २०१८ मध्ये महाराष्ट्रात ३१२ होते, २०२२ मध्ये ४४४ झाले, देशात ३६८२. आम्ही चंद्रपूरकडचे लोक तर असे खुश होतो की जणू घरातलं पोरगं बोर्डात आलं. मीही होतो, नाही असं नाही. पण हल्ली मला त्या आकड्यापेक्षा तो आकडा तयार कसा होतो यात जास्त इंटरेस्ट यायला लागलाय, कारण माझा मावसभाऊ वनरक्षक आहे (कुठल्या रेंजला, म्हणजे वनपरिक्षेत्राला, ते सांगत नाही, उगाच त्याला मेमो यायचा) आणि त्याच्याशी गप्पा मारल्या की कळतं की ही जी कामगिरी आपण दिल्लीच्या पत्रकार परिषदेत बघतो तिची सुरुवात एका बीटमध्ये (एका वनरक्षकाच्या वाट्याचं जंगल), सकाळी सहा वाजता, हातात काठी आणि मोबाईल घेऊन चालणाऱ्या दोन-तीन माणसांपासून होते.

आधी थोडं मागचं सांगतो. पूर्वी वाघ मोजायचे ते पगमार्कवरून. ओडिशाच्या सरोज राज चौधरींनी १९६६ च्या सुमारास ही पद्धत बसवली. पायाच्या ठशावर काच ठेवायची, ट्रेसिंग काढायचं, प्लास्टर ओतून साचा घ्यायचा, आणि मग हा वाघ वेगळा, तो वेगळा असं ठरवायचं. अडचण अशी की एकाच वाघाचा पाय वाळूत वेगळा उमटतो, चिखलात वेगळा, आणि दुसरी अडचण माणसांची, की आपल्या बीटमध्ये मागच्या वर्षीपेक्षा वाघ कमी झाले असं स्वतःच्या सहीने लिहून द्यायला कोण तयार होणार? मग आकडा वरच जाणार. २००४ च्या अखेरीस राजस्थानातल्या सरिस्काचा फुगा फुटला, कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही नव्हता. मग सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली टायगर टास्क फोर्स बसली, २००६ मध्ये कायदा बदलला, एनटीसीए म्हणजे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं, आणि कॅमेरा ट्रॅपवर (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) आधारलेल्या नव्या पद्धतीने पहिला आकडा आला १४११. त्या वेळी मोबाईल कंपनीच्या जाहिरातीमुळे हा आकडा पोराटोरांनाही पाठ झाला होता, आठवत असेल.

आता नवी पद्धत. लोकांना वाटतं सगळं कॅमेराच करतो. कॅमेरे लागतातच, दोन चौरस किलोमीटरच्या चौकोनात एक जोडी, समोरासमोर, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात आणि एकाच बाजूचा फोटो आला तर ओळख अर्धीच पटते. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले होते, जवळपास साडेतीन कोटी फोटो आले, त्यातले वाघांचे किती, तर ७६,६५१. गिनीज बुकात नोंद झाली त्याची. पण कॅमेरे सगळ्या जंगलात लावता येत नाहीत. जिथे कॅमेरा नाही तिथला अंदाज ज्या माहितीवरून बांधतात ती पहिल्या टप्प्याची माहिती, आणि ती प्रत्येक बीटचा वनरक्षक पायी चालून गोळा करतो. तीन दिवस रोज निदान पाच किलोमीटर चालून मांसाहारी प्राण्यांच्या खुणा बघायच्या, म्हणजे विष्ठा, ठसे, झाडावरचे ओरखडे. मग तीन सकाळी दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर, ज्याला सगळे ट्रान्झॅक्ट लाइन म्हणतात, चितळ, सांबर, रानडुक्कर, नीलगाय जे दिसेल त्याची नोंद. शिवाय झाडोरा, लेंड्या, गुरांच्या खुणा, लाकूडतोड. सगळं एम-स्ट्राइप्स नावाच्या ॲपमध्ये भरायचं.

आता त्या ट्रान्झॅक्टची गंमत ऐका, कारण ट्रेनिंगचा सगळा मुद्दा इथेच आहे. चितळांचा कळप दिसला की नुसतं 'चितळ ७' लिहून भागत नाही. तो तुमच्यापासून किती मीटरवर होता आणि रेषेशी किती कोनात होता ते लिहावं लागतं, त्यासाठी रेंजफाइंडर आणि कंपास. या दोन आकड्यांवरून कळपाचं रेषेपासूनचं सरळ अंतर निघतं, आणि अशी शेकडो अंतरं जमली की हिशेब लागतो की लांबचे किती प्राणी आपल्या नजरेतून सुटले असतील आणि मग एका चौरस किलोमीटरमध्ये किती जनावर आहे. म्हणजे गार्डने अंदाजपंचे ५० मीटर लिहिलं आणि प्रत्यक्षात ८० असेल, तर ती एक चूक तिथेच राहत नाही, पुढे पूर्ण पार्कचं चितळ वाढतं किंवा घटतं. किंवा तो बोलत बोलत गेला, चितळ आधीच पळाले आणि पळाल्यानंतर जिथे थांबले तिथलं अंतर घेतलं, तरी घोळ. हे का करायचं ते समजलं तर माणूस नीट करतो. नुसतं 'हे भरा' म्हटलं तर तो भरतो, पण कसं भरतो ते देवाला माहीत.

मी भावाला विचारलं ट्रेनिंग किती दिवसांचं झालं. म्हणाला, "एक दिवसाचं होतं दादा, त्यातलं अर्धं उद्घाटनात गेलं." बाकी अर्ध्या दिवसात ॲप डाऊनलोड, आयडी-पासवर्ड, आणि दीडशे माणसांत दोन रेंजफाइंडर फिरले. सगळीकडे असंच होतं असं मी म्हणत नाही. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची माणसं येऊन मास्टर ट्रेनर तयार करतात, ते चांगलं शिकवतात हे मी स्वतः पाहिलंय. पण वरून खाली येता येता ट्रेनिंग पातळ होत जातं, ज्याला प्रत्यक्ष चालायचंय त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर एक पीपीटी उरते.

आणि ही पोरं काही अडाणी नाहीत हो. वनरक्षक भरतीला बारावी पास लागतं, पण आता येणाऱ्यांत बीएस्सी, इंजिनियर, एमए सगळे आहेत. २०२३ च्या भरतीत २१३८ जागा होत्या आणि अर्ज किती आले ते विचारूच नका. पोरांनी चार तासांत २५ किलोमीटर चालायचं, मुलींनी १६. इतकं चालवून घेतल्यावर चिखलदऱ्याला, शहापूरला, पालला ट्रेनिंग होतं, कायदा, सर्व्हे, नर्सरी, कवायत, वन्यजीव थोडं. ते ठीक आहे. पण नंतर? अधिकाऱ्यांसाठी चंद्रपूरची वन अकादमी आहे, कुंडल आहे, डेहराडूनचे कोर्स आहेत. बीट गार्डला एकदा बीट मिळालं की पीओआर (गुन्ह्याची पहिली नोंद) फाडणे, गाय मेली की पंचनामा, फेब्रुवारीपासून जाळरेषा (आग पसरू नये म्हणून आधीच जाळून ठेवायची पट्टी) आणि वणवा, रोपवनाचे खड्डे मोजणे, साहेब आले की त्यांच्या गाडीपुढे, आणि मध्येच 'विहिरीत बिबट पडला' म्हणून फोन. यात शिकायचं कधी?

न शिकण्याची किंमत काय असते ते ताडोब्याने २० नोव्हेंबर २०२१ ला पाहिलं. कोलारा रेंजमध्ये एक महिला वनरक्षक याच गणनेच्या साइन सर्व्हेसाठी, म्हणजे खुणा बघायला, तीन वनमजुरांसोबत पायी निघाली होती. रस्त्यावर वाघीण बसलेली दिसली, बरंच लांब. त्यांनी अर्धा तास वाट पाहिली आणि मग दाट झाडीतून वळसा घालून पुढे जायचं ठरवलं. वाघिणीने मागून येऊन तिला नेलं. त्यानंतर पायी सर्व्हे थांबवण्यात आला. मला त्या ताईबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, तिने तिचं काम केलं आणि जीव दिला. मला विचारायचं ते इतकंच की वाघीण वाटेवर आहे, आता सर्व्हे रद्द करून परत फिरायचं, आणि तसं केल्याबद्दल कुणी विचारणार नाही, हे तिला आधी कुणी लेखी सांगितलं होतं का? खात्यात काम अर्धवट सोडून परत आलेल्या माणसाला काय ऐकावं लागतं ते खात्यातल्या कुणालाही विचारा. ट्रेनिंग म्हणजे ॲप कसं वापरायचं एवढंच आपण धरलंय, आणि 'केव्हा थांबायचं' हा विषय कुठल्याच पीपीटीत मला दिसला नाही.

बरं, एवढं करून माहिती गोळा झाली. पुढे? भावाचं वाक्य जसंच्या तसं देतो, "डेटा वर जाते दादा, खाली काही येत नाही." त्याच्या बीटमध्ये तीन वेळा सर्व्हे झाला त्याच्या काळात. त्याच्या बीटमध्ये सांबर वाढलं की कमी झालं, कोणत्या नाल्यावर अस्वलाच्या खुणा जास्त, शेजारच्या बीटपेक्षा त्याचं बीट कसं आहे, हे त्याला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. पाचशे पानी रिपोर्ट निघतो, इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर, त्यात त्याच्या व्याघ्र प्रकल्पावर काही पानं असतात. ते त्याने माझ्या लॅपटॉपवर पहिल्यांदा पाहिलं. नकाशावर बोट ठेवून पाच मिनिटं आपलं बीट शोधत होता.

आता कुणी म्हणेल की संशोधन खाली पोचून असा काय फरक पडतो. पडतो, आणि त्याचं उत्तम उदाहरण आपल्याकडेच आहे, बिबट्यांचं. २००१ ते २००३ च्या दरम्यान जुन्नरला बिबट्यांचे हल्ले एकदम वाढले. त्या काळात पद्धत अशी की बिबट दिसला की पिंजरा लावा, पकडा आणि लांबच्या जंगलात सोडा. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अभ्यास केला तेव्हा दिसलं की जिथे असे पकडलेले बिबटे नेऊन सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले. म्हणजे उपाय म्हणून जे चाललं होतं तेच दुखणं. नंतर अकोल्याच्या (नगरच्या, विदर्भातल्या नव्हे) ऊसपट्ट्यात त्यांनी कॅमेरे लावले तर राष्ट्रीय उद्यान नाही, अभयारण्य नाही, नुसती शेतं आणि वस्त्या, तिथे शंभर चौरस किलोमीटरमध्ये जवळपास पाच मोठे बिबटे निघाले, आणि गावकरी त्यांच्यासोबत आरामात राहत होते. पेपर छापला आणि संपलं असं इथे झालं नाही. २०११ मध्ये केंद्राने बिबट्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ऊठसूट पकडू नका हे आलं. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तेव्हा सुनील लिमये संचालक होते, त्यांनी अत्रेय आणि मुंबईकर स्वयंसेवक यांना सोबत घेऊन एक कार्यक्रम चालवला, ज्यात वनरक्षकापासून पोलिसापर्यंत आणि पत्रकारापर्यंत सगळ्यांना बसवून सांगितलं की बिबट बिल्डिंगमध्ये शिरला तर आधी काय आवरायचं असतं, तर गर्दी. शंभरेक चौरस किलोमीटरचं जंगल, चारी बाजूंनी मुंबई आणि ठाणं, २०१५ मध्ये अभ्यासक निकित सुर्वेने कॅमेरा ट्रॅप करून ३५ बिबटे मोजले. इतके बिबटे आणि इतकी माणसं एकमेकांना खेटून राहतात त्यात या ट्रेनिंगचा वाटा फार मोठा आहे असं माझं मत.

दुसरं उदाहरण नागपूर-जबलपूर रस्त्याचं, पेंचमधून जातो तो. तिथे फोर लेन करताना कोर्टकचेरी, भांडणं सगळं झालं आणि शेवटी वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने ९ ठिकाणी रस्ता उचलून खालून जनावरांना वाट दिली, सगळ्यात लांब ७५० मीटरची. मग तिथे कॅमेरे लावून पाहिलं तर १८ जातींचे प्राणी खालून ये-जा करतात, वाघसुद्धा. आणि टिपेश्वरचा तो रेडिओ कॉलरवाला वाघ, वॉकर, जो २०१९ मध्ये निघून तीन हजार किलोमीटर भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगापर्यंत पोचला, त्याने दाखवून दिलं की पार्कची हद्द फक्त आपल्या नकाशावर आहे, वाघ शेतातून, नाल्यातून, रस्ता ओलांडून जातो. मग ज्या प्रादेशिक विभागाच्या (व्याघ्र प्रकल्पाबाहेरच्या जंगलाच्या) गार्डला वाघाचं काहीच ट्रेनिंग नाही त्याच्या हद्दीत तो पोचला तर? नरभक्षक ठरवलेल्या अवनी वाघिणीच्या वेळी आपण ते पाहिलं. २ नोव्हेंबर २०१८ ला रात्री तिला गोळी घातली, आणि नंतर एनटीसीएच्या समितीने म्हटलं की टीममध्ये पशुवैद्यक नव्हता आणि डार्टमधलं भुलीचं औषध ५६ तास आधी भरलेलं होतं. वाघीण मारायला हवी होती की नको यावर आमच्या घरातही दोन पार्ट्या आहेत, पण डार्ट ताजा भरायचा असतो यावर तर दोन पार्ट्या नसाव्यात.

संशोधन म्हटलं की वाघच, हेही मला खटकतं. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावं पुनर्वसनात बाहेर गेली, मागे शेतं पडीक राहिली. तिथे आपोआप छान कुरण होईल असं वाटतं ना? होत नाही, तरोटा आणि रानतुळस माजते आणि चितळ तिला तोंड लावत नाही. अमरावतीचे प्राध्यापक गजानन मुरतकर गवतांवर वर्षानुवर्षं काम करतात, कुठलं गवत गोड, कुठलं कधी बी धरतं, तण कधी उपटायचं, हे त्यांनी फिल्डवरच्या लोकांना शिकवलं. तण फुलायच्या आधी उपटलं तर फायदा, बी पडल्यावर उपटलं तर फक्त मजुरी गेली. इतकी साधी गोष्ट, पण ती बीटवरच्या माणसाला माहीत असली तरच कामाची, कारण रानतुळशीला फूल कधी आलं ते तोच बघतो. टेंडर निघून मंजूर होईपर्यंत बी पडून जातं, हा वेगळा विषय, त्यावर बोललो तर आजची पोस्ट संपणार नाही.

मॅनेजमेंटकडे येतो. व्याघ्र प्रकल्पांचंही परीक्षेसारखं मूल्यमापन होतं, २०२२ च्या फेरीत ५१ प्रकल्पांत केरळचं पेरियार पहिलं आलं, ९४.३८ टक्के, मग सातपुडा आणि बांदीपूर. पेरियारचं मला कौतुक वाटतं ते टक्क्यांमुळे नाही. तिथे नव्वदच्या दशकात जी माणसं जंगलातून दालचिनीची साल चोरायची त्यांच्याच गटाला गस्त आणि पर्यटकांना फिरवायचं काम दिलं, आणि २००४ मध्ये फाउंडेशन काढून पार्कला स्वतःचे अभ्यासक ठेवायची सोय केली. आता इतर व्याघ्र प्रकल्पांनाही फाउंडेशन आहे, गेटचा पैसा तिथे जमा होतो, ताडोब्याचं तर उत्पन्न चांगलं आहे. आपल्याकडेही जीवशास्त्रज्ञ नेमतात, पण कंत्राटी, आणि पोरगं जरा जंगल समजायला लागलं की पीएचडीला नाहीतर बेंगळुरूच्या एनजीओत निघून जातं. वरचे साहेब तीन वर्षांनी बदलून जातात, प्रकल्पाचा आराखडा दहा वर्षांचा. म्हणजे एका आराखड्यात तीन-चार साहेब, आणि प्रत्येकाची आवड वेगळी, एकाला पाणवठे, दुसऱ्याला कुरण, तिसऱ्याला गेटवर सेल्फी पॉइंट. या सगळ्यात जो जागचा हलत नाही तो वनमजूर. गोंड, माना, कोरकू, पिढ्यानपिढ्या तिथलाच. संशोधक येतात त्यांना वाट तोच दाखवतो, कॅमेरा कुठल्या झाडाला बांधायचा तोच सांगतो. पेपरात त्याचं नाव शेवटी आभारात, तेही कधीकधी नुसतं 'फील्ड असिस्टंट्स'.

आणि गाइड-जिप्सीवाले विसरू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांना गाड्यांनी दोन्हीकडून घेरलं, व्हिडिओ सगळीकडे फिरला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड-ड्रायव्हर निलंबित झाले. बरोबर झालं. पण गाडीत बसलेला माणूस 'और आगे लो' म्हणतो आणि टिप त्याच्या हातात असते, तिथे गाइडने नाही कसं म्हणायचं याचंही ट्रेनिंग लागतं, आणि नाही म्हटल्यावर त्याच्यामागे उभं राहणारा आरएफओ (रेंजचा अधिकारी) लागतो.

मला विचाराल तर करायचं काय, तर माझी मागणी फार बारकी आहे. सर्व्हे झाला, आकडे आले, की प्रत्येक रेंजमध्ये एक दिवस बसा. मराठीत. वनरक्षक, वनमजूर, पीआरटीवाले (वाघ-बिबट आला की आधी धावणारे) गावातले पोरं, सगळे. भिंतीवर बीटवार नकाशा लावा, तुझ्या बीटमध्ये हे दिसलं, मागच्या वेळी हे होतं, आता तू सांग असं का झालं असेल. गार्ड सांगेल की साहेब तिथे वरच्या गावची गुरं दोन वर्षांपासून येऊ लागली, किंवा तो पाणवठाच कोरडा आहे, टँकर कागदावर जातो. हे उत्तर कुठल्या सॅटेलाइटला सापडणार नाही. आणि संशोधनाची परवानगी देताना एक अट घाला की अभ्यास संपला की त्याच रेंजमध्ये येऊन दोन तास मराठीत सांगायचं, मगच फायनल रिपोर्ट स्वीकारला जाईल. यावर कुणी म्हणतं की वाघांची ठिकाणं खाली सांगितली तर शिकाऱ्यांपर्यंत जातील. अहो, ठिकाणं त्यांनीच तर तुम्हाला दिली आहेत.

हे मी भावाला सांगितलं तर तो हसला, म्हणाला पावसाळ्यात गेट बंद असतं तेव्हा वेळ मिळेल असं तुम्हाला वाटत असेल, पण पावसाळी गस्त तेव्हाच असते, शिकारीचा धोका तेव्हाच जास्त. बरोबर आहे त्याचं. मग दोन बॅच करा, अर्धे गस्तीवर जातील, अर्धे नकाशासमोर बसतील, पुढच्या आठवड्यात उलटं. एक प्रोजेक्टर लागेल, तो तर उद्घाटनाला आणलेला असतोच.